पंडिता रमाबाई आणि केडगावची शाळा

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे एक लहानसे स्थानक आहे. आमच्या निवासी शाळेतील मुले भीमा नदीच्या दोन्ही तीरांवरून येतात. शिरूर तालुक्यातील मुले न्हावरे-चौफुला रस्त्याने येतात, तर दौंड तालुक्यातील कित्येक मुले दिवाळीची सुट्टी संपली की पत्र्याची पेटी सांभाळीत याच स्थानकावर उतरतात. स्थानकापासून थोड्याच अंतरावर, सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्यासारख्याच घरापासून दूर आलेल्या शेकडो मुली एका निवासी शाळेत राहत व शिकत होत्या, ही गोष्ट त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. ती शाळा उभी करणाऱ्या पंडिता रमाबाई यांचे चरित्र या स्मरणिकेत सांगावे, असे आम्ही इंग्रजी विषयाच्या शिक्षकांनी ठरविले, त्यामागे एक विशेष कारण आहे.

आमच्याकडे पहिलीच्या वर्गात येणारी मुले बहुधा ऊसतोडणी करणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या किंवा कोरडवाहू शेती करणाऱ्या कुटुंबांतील असतात. मैदानावर ती मोकळेपणाने बोलतात, भांडतात, गातात. इंग्रजीच्या तासाला मात्र वर्ग मुका होतो. लहान मुलांना इंग्रजी खेळांतून आणि गाण्यांतून शिकवावे, हा विचार आज प्रशिक्षण वर्गांतून वारंवार सांगितला जातो, आणि तो परदेशातून नुकताच आलेला नवा विचार आहे, असा अनेकांचा समज असतो. तो विचार आमच्या तालुक्याच्या मातीत केव्हा आणि कोणाच्या हाताने आला, हे शोधू लागलो तेव्हा आमचा शोध रमाबाईंपाशी येऊन थांबला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. तरुणपणी पुण्यात शिकत असता पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकविले जाते, हे त्यांनी पाहिले होते. स्त्रीला विद्या का देऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि सनातनी मंडळींचा रोष पत्करून अरण्यात जाऊन बिऱ्हाड थाटले. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर त्यांची शिक्षिका झाली ती आईच. दिवसभर घरकामाचा रगाडा असल्याने माउलीला सवड मिळे ती पहाटे. पाखरे जागी होण्याच्या वेळी ती मुलीला कुशीत घेऊन उठवी आणि श्लोक म्हणून घेई. पुस्तक हाती येण्यापूर्वी शब्द कानात आला, तोही आईच्या आवाजात, लयीत आणि मायेच्या उबेत. अशा रीतीने हजारो श्लोक त्या लहान वयातच मुखोद्गत करून बसल्या.

पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत देशभर फिरू लागले. मराठी ही घरची भाषा होती. कानडी, हिंदी व बंगाली या भाषा रमाबाईंना वाटेवर भेटल्या. धर्मशाळेतील बाया, घाटावरचे लोक, बाजारातील विक्रेते हेच त्यांचे भाषाशिक्षक होते. व्याकरणाची पोथी त्यांना अपरिचित नव्हती, पण लोकभाषा त्या शिकल्या ऐकून आणि बोलून. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. अन्नाविना आणि आजाराने प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास दोघेच उरले. भुकेने मनुष्य कसा मुका होतो, याचा अनुभव त्यांनी स्वतःच्या देहाने घेतला होता. पुढे केडगावी त्यांनी जे केले, त्याची मुळे या अनुभवात आहेत.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मणेतर असल्याने हा विवाह त्या काळी फारच धाडसाचा ठरला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या प्रारंभी पतीचे पटकीने निधन झाले. चोवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, आणि हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांच्या आवश्यकतेविषयी दिलेली साक्ष, ही सर्व कामे त्याच एका वर्षातील आहेत.

इंग्रजी भाषेशी त्यांचा खरा परिचय होतो तो येथून पुढे. पुण्यात त्यांनी या भाषेचे प्राथमिक धडे घेतले आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहून त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. पंचविशीत परकी भाषा शिकू लागलेल्या या विदुषीने अवघ्या चार वर्षांत, १८८७ मध्ये, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेत गाजले. वैद्यक शिकण्याची त्यांची आशा मात्र पुरी झाली नाही. त्यांची श्रवणशक्ती मंद होत चालली होती आणि त्या अडचणीमुळे तो मार्ग बंद झाला. लहानपणी सारी विद्या ज्यांच्या कानांवाटे आली, त्यांचेच कान साथ सोडीत होते. पुढे हाताने, डोळ्याने आणि वस्तूंच्या साहाय्याने शिकविण्याच्या पद्धतीकडे त्यांचे मन इतके ओढले गेले, त्याला ही उणीवही काही अंशी कारण झाली असावी, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमध्येच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. अनेक सुधारकही दुरावले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मधील 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. आपल्या विवेकाला पटलेला धर्म स्वीकारण्याचा अधिकार स्त्रीलाही आहे, ही गोष्ट मान्य करावयास त्या काळचा समाज तयार नव्हता. धर्मांतराची किंमत काय असते, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्या रमाबाईंच्या नात्यातील. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे सुमारे पावणेतीन वर्षे राहिल्या. व्याख्याने देत त्या त्या विशाल देशात फिरल्या. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, त्या तेथे लहान मुलांच्या शाळांत जाऊन बसल्या. फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. संस्कृत पंडितांना वादात जिंकलेली ही विदुषी चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये बसून रंगीत चेंडूंचे खेळ शिकू लागली.

ही पद्धत जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षकाची. त्याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मूल हे रोपट्यासारखे आतून वाढते, शिक्षकाने माळी व्हावे, हा त्यामागील विचार होता. फ्रोबेलने मुलांच्या हाती द्यावयाच्या वस्तूंची एक क्रमवार मालिका तयार केली. प्रथम लोकरीचे सहा रंगांचे चेंडू. नंतर लाकडी गोल, नळकांडे आणि घन. त्यानंतर तुकड्यांत सुटणारे व पुन्हा जुळविता येणारे घन. यांच्या जोडीला कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम आणि काड्यांची मांडणी असे हस्तव्यवसाय होते. चेंडू पुढे गेला, मागे आला, वर उडाला, लपला. प्रत्येक हालचालीबरोबर शिक्षिका त्या हालचालीचा शब्द गाण्यात गुंफून म्हणे आणि मुले तो म्हणत. १८४४ मध्ये फ्रोबेलने आई व मूल यांच्यासाठी बोटांच्या खेळांची आणि गाण्यांची एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. खेळाचे हे सामर्थ्य सत्ताधाऱ्यांनाही जाणवले असावे. कारण १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत टिकली. तोवर ही पद्धत सीमा ओलांडून बाहेर पडली होती. रमाबाई पोचल्या तेव्हा अमेरिकेत तिचा जोमाने प्रसार होत होता.

या पद्धतीत रमाबाईंना आपलेच बालपण दिसले असावे. पहाटे आईने म्हणून घेतलेले श्लोक आणि फ्रोबेलच्या वर्गातील गाणी यांत बाह्यतः काहीही साम्य नाही. पण शब्द प्रथम प्रेमाच्या माणसाच्या तोंडून, लयीत आणि भीतीविना कानी पडावा, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. एक फरक मात्र मोठा होता. पाठांतरात मुलाचे हातपाय बांधलेले असतात. फ्रोबेलच्या वर्गात ते मोकळे असतात. मराठी मुलींसाठी चित्रांसह क्रमवार वाचनपुस्तके लिहिण्याचा संकल्प रमाबाईंनी अमेरिकेत असतानाच केला होता. त्या देशातील लोकजीवन, शाळा आणि स्त्रियांची स्थिती यांचे वर्णन करणारा त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी ११ मार्च रोजी मुंबईत शारदासदन उघडले. उच्चवर्णीय बालविधवांना आसरा आणि शिक्षण देणारी ही निवासी शाळा पुढच्या वर्षी पुण्यास आली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या. शारदासदनात मराठीबरोबर इंग्रजीही शिकविली जाई आणि किंडरगार्टन पद्धतीलाही तेथे स्थान होते. विधवेने खाली मान घालून कोपऱ्यात बसावे, असे मानणाऱ्या समाजात केशवपन झालेल्या मुली चेंडू हाती घेऊन वर्तुळात गाणी म्हणू लागल्या, ही घटना आज साधी वाटेल. त्या काळी ती क्रांती होती. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून पुन्हा वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या शंकांमध्ये काही तथ्य होते आणि काही द्वेषही होता. आम्ही येथे त्या वादाचा निवाडा करीत नाही. इतकेच नमूद करतो की, या साऱ्या गदारोळातही शाळा चालू राहिली.

आता आपण केडगावास येतो. रमाबाईंनी तेथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती, ती फळबाग करून शाळेला उत्पन्न मिळावे म्हणून. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःच्या आईवडिलांना दुष्काळात गमावलेल्या रमाबाई घरी बसू शकल्या नाहीत. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, शहरात एवढी माणसे ठेवण्यास परवानगी नव्हती, म्हणून त्या सर्वांना केडगावच्या माळावर नेले गेले. प्रथम तंबू व झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती, अशा क्रमाने तेथे 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संस्थेतील संख्या २००० च्या घरात गेली. शारदासदनात जातीचे बंधन पाळले जाई. मुक्तीत सर्व जातींच्या मुली एकत्र राहू, जेवू आणि शिकू लागल्या.

या मुलींची अवस्था डोळ्यांसमोर आणली पाहिजे. कित्येकींना आपले गाव सांगता येत नव्हते. कित्येकींनी आईबाप डोळ्यांदेखत जाताना पाहिले होते. कोणाची बोली हिंदी, कोणाची गुजराती, आणि आजूबाजूची भाषा मराठी. अशा मुलीपुढे पाटी ठेवून तिला अक्षर गिरवावयास सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे स्वयंपाकाचे पुस्तक ठेवण्यासारखे होते. तिला प्रथम अन्न हवे होते, मग झोप, मग खेळ, आणि त्यानंतर भाषा. मुक्तीतील लहान मुलांसाठी किंडरगार्टनचे वर्ग होते. रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या आणि गाणी यांच्या संगतीत या मुली नव्या भाषेत बोलू लागल्या असल्या पाहिजेत. वस्तू हातात असली की तिचे नाव तीन भाषांत वेगळे असले तरी बिघडत नाही. चेंडू सर्वांना कळतो.

अंध मुलींकडेही दुर्लक्ष झाले नाही. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती. तिने ब्रेल लिपी आत्मसात करून या मुलींना वाचावयास शिकविले. मोठ्या मुली विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा आणि छापखाना यांत तरबेज झाल्या. छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्या हातांपैकी अनेक हात काही वर्षांपूर्वी भिकेसाठी पसरलेले होते.

आयुष्याची शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातील सामान्य बाईला समजेल अशी सोपी मराठी लिहिण्याचा त्यांचा आग्रह होता. संस्कृतची सरस्वती म्हणून गौरविलेल्या विदुषीने जड शब्दांचा मोह टाकून बाजारातील, चुलीजवळील मराठी जवळ केली, ही गोष्ट भाषाशिक्षकाने ध्यानी धरण्यासारखी आहे. भगवान बुद्धांनीही आपला धम्म पंडितांच्या भाषेत न सांगता लोकांच्या बोलीत सांगितला, याची आठवण आम्हांस येथे होते. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना 'कैसर-ए-हिंद' पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. एकुलत्या कन्येचा वियोग सोसून त्या काम करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांनी देह ठेवला.

महाराष्ट्रात बालशिक्षणाची वाट पुढे अनेकांनी रुंद केली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, आणि आमच्यासारख्या शाळांपुढे रमाबाईंचाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

त्या प्रश्नाला आम्ही प्रारंभी जे उत्तर दिले, ते चुकीचे होते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आम्ही मुलांकडून सव्वीस अक्षरे शेकडो वेळा गिरवून घेतली, शब्दांची स्पेलिंगे पाढ्यांसारखी पाठ करून घेतली. वह्या भरल्या, तोंडे उघडली नाहीत. नाव विचारले की मागच्या बाकावरील एक मुलगा बाकाखाली लपे. एके दिवशी मैदानावर आट्यापाट्या चालू असता आम्ही सहज 'रन', 'स्टॉप', 'टर्न' असे ओरडू लागलो. आठवड्याभरात तो मुलगा स्वतः या आज्ञा देऊन इतरांना पळवू लागला. त्यानंतर आम्ही क्रम बदलला. प्रथम कृती, मग गाणे, मग संवाद, आणि सर्वांत शेवटी लेखन. सागरगोटे मोजताना अंक इंग्रजीत येतात. रुमाल लपविण्याच्या खेळात 'आत', 'वर', 'खाली', 'मागे' हे शब्द येतात. लंगडी घालताना डावे-उजवे येते. गाण्याची चाल मात्र मुलांच्या ओळखीची असते. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. चिंचोके, काड्या, रंगीत चिंध्यांचा चेंडू आणि लाज न बाळगता मुलांबरोबर गाणारा शिक्षक, एवढे पुरते.

खेळाने सर्व काही साधते, असा आमचा दावा नाही. तिसरी-चौथीत वाचन-लेखनाचा सराव कसून करावाच लागतो आणि त्यात कसूर झाली तर खेळलेले मूलही मागे पडते. रमाबाईंच्या शाळेतही चेंडूनंतर पुस्तक होते, पुस्तकानंतर छापखाना होता. परंतु भीती गेल्याशिवाय यांतील पहिली पायरीही चढता येत नाही. आमची मुले उद्या महाविद्यालयात किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीस बसतील, तेव्हा त्यांना शब्द आठवला नाही तर चालेल, धीर सुटता कामा नये. तो धीर सहाव्या-सातव्या वर्षी वर्तुळात उभे राहून गाताना मिळतो.

रमाबाईंचा धर्म आमचा नव्हे. त्यांच्या कार्यातील धर्मप्रसाराचा भाग आम्ही आमच्या मार्गावर घेत नाही. परंतु दुष्काळाने मुक्या झालेल्या मुलींना त्यांनी खेळ दिला आणि खेळातून वाचा दिली, या ऋणाची जाणीव भीमेच्या दोन्ही तीरांवरील प्रत्येक शिक्षकाने ठेवली पाहिजे. आमच्या मुलांनी पुढच्या वेळी केडगाव स्थानकावर उतरताना त्या दिशेला एकदा वळून पाहावे, आणि आम्ही शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताना हातात छडीऐवजी चेंडू घ्यावा. त्या थोर शिक्षिकेच्या स्मृतीस आमचे हेच अभिवादन.